जुन्या कोळंबी तळ्यात कांदळाची रोपं दोनदा मेली; तिसऱ्यांदा लावण्याआधी काय मोजावं?

खाजणकाठ
नमस्कार मंडळी. खाडीला लागून असलेलं सुमारे ८ हेक्टरचं, बारा वर्षं वापरात नसलेलं कोळंबी तळं पुन्हा कांदळवनाखाली आणायचं आहे. भोवतीचा बांध दीड मीटर उंच आहे. पाणी आत-बाहेर करायला जुन्या झडपेच्या जागी एकच तोंड आहे, दोन मीटर रुंद, तळाशी सिमेंटचा उंबरा. बांधाच्या आतून कडेकडेने खोल चर फिरतो. ओहोटी पूर्ण उतरली तरी तळ्याच्या मध्यावर घोटाभर पाणी राहतं.

दोन वेळा कांदळ लावून झाला आहे. पहिल्या खेपेला थेट शेंगा रोवल्या, एक मीटर अंतरावर. तीन महिन्यांनी शंभरातल्या ८० जिवंत होत्या, वर्षाअखेर ४ सुद्धा नव्हत्या. दुसऱ्या खेपेला रोपवाटिकेतली सहा पानांची रोपं लावली, तीही तशीच गेली. मरण्याआधी पानं पिवळी पडतात, खोडावर बार्नॅकलचा (खडकांना-खोडांना चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी सागरी जीवांचा) थर चढतो. समोरच्या काठावर, ३०० मीटरवर, तिवर आणि कांदळाचं दाट वन आहे.

आता तिवर किंवा चिपी या कांदळवनातल्याच दुसऱ्या जाती लावून बघाव्यात का? आणि लावण्याआधी कमी साधनांत काय काय मोजता येईल?

भरतीरेषा
जात बदलण्याआधी जमिनीची उंची मोजा. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकाच दिशेची आहेत: जमीन खोलात आहे आणि रोपं फार वेळ पाण्याखाली राहतायत. बार्नॅकल पाण्यात असतानाच खातं, त्यामुळे खोड जितका वेळ बुडालेलं तितकी त्याची वाढ जोरात. खोडावरची श्वासरंध्रं बुजतात आणि वजनाने रोप कलतं. खरवडून काढण्यात अर्थ नाही, काही आठवड्यांत नवा थर येतो आणि खरवडताना साल जाते ती वेगळीच.

तीन महिन्यांच्या ८० टक्क्यांनी बहुतेकांची फसगत होते. कांदळाच्या शेंगेत स्वतःचा अन्नसाठा असतो. त्यावर ती काही महिने हिरवी राहते, चार पानंही काढते. जागा मानवली की नाही हे साठा संपल्यावर कळतं.

कांदळवन साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात वाढतं. त्याखालचा चिखल कितीही मऊ, सुपीक दिसला तरी तो त्या झाडांचा नव्हे. वनाधिकारी वॉटसन यांनी १९२८ साली मलायातल्या (आताच्या मलेशियातल्या) कांदळवनांसाठी जमिनीचे पाच वर्ग पाडले ते आजही कामाला येतात. महिन्यात ५६ ते ६२ वेळा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक भरतीला बुडणारी जमीन पहिल्या वर्गात. ४५ ते ५६ वेळा बुडणारी दुसऱ्यात. २० ते ४५ तिसऱ्यात. २ ते २० चौथ्यात. त्याहून कमी पाचव्यात. पहिल्या वर्गात फारसं काही उभं राहत नाही. तिवर-चिपी दुसऱ्यात उतरतात, बहुतेक जाती तिसऱ्यात सुखाने वाढतात. पण तुमच्या तळ्यात पाणी अडून बसतं, त्यामुळे किती वेळा बुडतं यापेक्षा किती वेळ बुडतं हे जास्त महत्त्वाचं. फ्लोरिडात आयुष्यभर हेच काम केलेल्या रॉय लुईस यांचा ठोकताळा असा की जमीन एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असावी.

नकाशावरच्या समुद्रसपाटीशी तुलना करत बसू नका. नकाशाचा शून्य, बंदराच्या तक्त्याचा शून्य आणि तुमच्या खाडीतली प्रत्यक्ष सरासरी पातळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कांदळाचं जगणं-मरणं २० सेंटिमीटरच्या फरकावर ठरतं. समोरचं निरोगी वन हीच तुमची पट्टी. तिथे कांदळाची सर्वांत खालची, पण नीट वाढलेली झाडं शोधा. ती जमीन शून्य धरा आणि तळ्यातला प्रत्येक बिंदू तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे एवढंच काढा.

उपकरण नसेल तर पाण्यालाच लेव्हल करा. तळ्यात ३० ते ४० ठिकाणी आणि समोरच्या वनात १० ठिकाणी बांबूचे खुंट ठोका, प्रत्येकावर जमिनीपासून सेंटिमीटरच्या खुणा करा. वारा नसलेल्या दिवशी, उधाणाच्या भरतीला पाणी चढायचं थांबतं त्या दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या खुंटांवरची खोली वाचा. माणसं जास्त लागतील. पाणी एका पातळीत असल्यामुळे दोन खुंटांच्या खोलीतला फरक हाच जमिनीच्या उंचीतला फरक. इथे एक अडचण आहे: दोन मीटरच्या तोंडातून ८ हेक्टर भरायला वेळ लागतो, म्हणून बाहेर भरती थांबली तेव्हा आतलं पाणी कदाचित खालीच असेल. त्यासाठी तोंडाच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन खुंट घ्या आणि त्यांची सापेक्ष उंची पाणनळीने (पाणी भरलेली नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) पक्की करा. पारदर्शक नळीत बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं, आणि नळीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत असला तरी चुकतं. भरतीच्या वेळी या दोन खुंटांवर पाण्याच्या पातळीत जो फरक दिसेल तो तोंड किती अपुरं आहे याचं मापही देतो.

पाण्याचा दाब नोंदवणारा लॉगर मिळाला तर एक तळ्यात, एक समोरच्या वनात ठेवा. नोंद दर १० ते १५ मिनिटांनी, किमान ३० दिवस, म्हणजे दोन उधाणं आणि दोन भांग (अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या भरत्या) त्यात येतात. हवेच्या दाबाची दुरुस्ती विसरू नका: १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर पाणी. ऋतूनुसार समुद्राची सरासरी पातळीच वरखाली होते, म्हणून दोन्ही लॉगर एकाच महिन्यात हवेत. दोन वेगळ्या महिन्यांची आकडेवारी एकमेकांशी ताडू नये.

लवणांक
वरचं सगळं मान्य, पण उंची बरोबर निघाली तरी माती तपासल्याशिवाय हात घालू नका. कोळंबी तळ्यांच्या मातीत एक जुना धोका दडलेला असतो. कांदळवनाच्या चिखलात समुद्राच्या पाण्यातला गंधक आणि मातीतलं लोह मिळून पायराइट तयार होतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी असतं. तळं खोदताना आणि मधूनमधून वाळवताना त्याला हवा लागते आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. सामू (pH) ४ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळं जळतात. सर्वांत वाईट माती बहुधा बांधात असते, कारण ती खोलातून उपसून उघड्यावर ठेवलेली असते. पहिल्या मोठ्या पावसात बांधावरून तांबूस-नारिंगी ओघळ येत असतील, तर तीच खूण.

तपासणी साधी आहे. बांध, तळ्याचा मध्य, चराचा काठ अशा जागांवरून ०–१०, २०–३० आणि ५०–६० सेंटिमीटर खोलीची माती घ्या. ताजी असतानाच थोडं शुद्ध पाणी मिसळून सामू मोजा. वाळवलेल्या नमुन्याचं वाचन निरुपयोगी, कारण वाळतानाच आम्ल तयार होतं. मग त्याच मातीच्या चमचाभर भागावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने टाका, फसफस थांबू द्या आणि पुन्हा सामू घ्या. दुसरं वाचन ३ च्या खाली आणि पहिल्यापेक्षा बरंच कमी आलं तर पायराइट शिल्लक आहे असं समजा. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी भाजतं, मिश्रण उकळून बाहेर येतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच, काचेचं भांडं उष्णता सहन करणारं हवं. पेरॉक्साइड आम्लधर्मी असतं, त्यामुळे वापरण्याआधी त्याचा स्वतःचा सामू सौम्य अल्कलीने ५ च्या आसपास आणावा लागतो, नाहीतर सगळीच माती आम्ल दिसते.

क्षारता खाडीच्या पाण्याची नको, मुळांजवळच्या पाण्याची मोजा. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीला खालच्या १० सेंटिमीटरमध्ये भोकं पाडा, नायलॉनची बारीक जाळी गुंडाळा आणि भोकं ३० सेंटिमीटर खोलीवर येतील अशी रोवा. आत साचलेलं पहिलं पाणी उपसून टाका, पुन्हा झिरपू द्या, मग ते गाळून रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून क्षारता दाखवणारं छोटं उपकरण) घ्या. गढूळ थेंबाने रेषा धूसर होते. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत ३५ च्या आसपास भाग क्षार असतात. तळ्याच्या उंच, क्वचित भिजणाऱ्या कोपऱ्यात झिरपपाण्याची क्षारता त्याच्या दुप्पट निघू शकते. तिथे तिवरही खुरटतो, कांदळाचं तर नावच नको.

काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास यांना घाबरू नका, निरोगी वनातही ते असतं. मात्र पाणी सतत साचून राहिलं तर सल्फाइड मुळांना मारण्याइतकं वाढतं. समोरच्या वनापेक्षा तळ्यातला वास कितीतरी उग्र असेल तर पाणी हलत नाही असं समजा.

वाहतंपाणी
तोंडाबद्दल. झडपेचा उंबरा काढल्याशिवाय बाकी काहीही करू नका. घोटाभर पाणी त्या उंबऱ्यामुळेच अडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

नवी तोंडं कुठे पाडायची हे बांध बघून ठरत नाही. तळं खोदण्याआधीची हवाई छायाचित्रं किंवा जुने मोजणी नकाशे शोधा. जुन्या उपखाड्या कुठून आत येत होत्या ते दिसेल, तिथेच तोंड पाडा. त्या जागी जमीन अजूनही थोडी खोल असते, पाण्याला वाट आठवून द्यावी लागत नाही. सरसकट बांध फोडण्याचा मोह टाळा. दहा तोंडं केली की प्रत्येकातून पाणी मंद वाहतं, गाळ तोंडातच बसतो आणि दोन वर्षांत निम्मी बुजतात. तोंडं मोजकी आणि ऐसपैस ठेवली की ओहोटीचा ओढा त्यांना स्वतःच साफ ठेवतो. उलट ८ हेक्टरला दोन मीटरचं एकच तोंड म्हणजे तिथे पाणी इतक्या वेगाने घुसतं की बांधाच्या कडा कोसळतात, आणि तेवढं करूनही आतलं पाणी पुरेसं बदलत नाही.

कडेचा चर तसाच राहिला तर तो सगळं पाणी ओढून घेतो आणि नव्या उपखाड्या तयार होत नाहीत. पूर्ण भरणं जमत नसेल तर नव्या तोंडांच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये काही ठिकाणी ८–१० मीटर लांबीचे अडसर घाला, म्हणजे पाणी तळ्याच्या पोटातून फिरेल. आत वाट खणायचीच तर वळणांची, तोंडाकडे रुंदावत आणि खोलावत जाणारी. सरळ चर खणला की कडा ढासळतात.

फ्लोरिडातल्या वेस्ट लेकचं काम या बाबतीत बघण्यासारखं आहे. तिथे भरावाची जमीन उतरवून शेजारच्या वनाच्या पातळीला आणली, भरतीच्या वाटा मोकळ्या केल्या आणि कांदळ लावलाच नाही. बिया पाण्यासोबत आल्या.

उलट बाजूही नोंदवतो. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या लावण्यांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला: सुमारे १००० ते १२०० हेक्टरपैकी जेमतेम २०० ते २२० हेक्टर यशस्वी, आणि ६७ पैकी ३६ लावण्यांत एकही रोप शिल्लक नाही. चुकीची उंची हे मोठं कारण, त्याखेरीज गुरांची चराई आणि देखभालीचा अभाव. फिलिपिन्समधल्या दोन दशकांच्या लावण्यांवरही २००८ साली असाच निष्कर्ष निघाला, दीर्घकाळ जगण्याचं प्रमाण १० ते २० टक्के. तिथे तर सोडून दिलेली मत्स्यतळी मोकळी पडली होती आणि कांदळ लावला जात होता खालच्या चिखलपट्ट्यात, सागरी गवताच्या कुरणात. म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभा राहिलाच नाही. हे आकडे वाचून वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं महिनाभर मोजमाप केलं असतं तर टळलं असतं.

खाजणकाठ
मोजमापं झाली. समोरच्या वनातली कांदळाची खालची कड शून्य धरली आहे.

तळ्याचा मध्य (साधारण ५ हेक्टर): उणे ३८ ते उणे ४५ सेंमी. उत्तरेची बाजू (दीड हेक्टर): उणे ५ ते अधिक १२. उरलेली जमीन या दोहोंच्या मध्ये. चर: उणे ११०.
लॉगर: मध्यभाग दिवसाला सरासरी १९ तास पाण्याखाली, समोरच्या वनाची कड ७ तास.
झिरपपाण्याची क्षारता: मध्ये ३९, उत्तरेला ४६.
सामू: मध्य ६.९, पेरॉक्साइडनंतर ५.८. बांध ४.१, पेरॉक्साइडनंतर २.३.
उत्तरेच्या कोपऱ्यात तिवराची स्वतःहून आलेली रोपं आहेत, १०० चौरस मीटरमध्ये ३१.

बांधाची माती मध्ये पसरून जमीन उचलावी असा विचार आहे.

भरतीरेषा
उत्तर कोपऱ्याने तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. १०० चौरस मीटरमध्ये ३१ म्हणजे हेक्टरी ३१००. दोन मीटर अंतराने लावणी केली असती तर हेक्टरी २५०० बसली असती. तिथे एकही रोप लावू नका, फक्त गुरं आणि वाहून येणारं प्लास्टिक दूर ठेवा. बिया पोहोचतायत आणि जमीन मानवतेय, हे त्या ३१ रोपांनी सिद्ध केलंय.

मध्यभागाचे १९ तास म्हणजे वेळेचे ७९ टक्के. उंबरा निघाल्यावर यातला साचलेल्या पाण्याचा भाग जाईल, तेव्हा लॉगर पुन्हा महिनाभर ठेवा. पण ४० सेंटिमीटरची खोली राहीलच. आता मातीचा हिशेब करू. तुमच्या बांधाची लांबी साधारण ११०० ते १२०० मीटर असेल. माथा दीड मीटर, पाया साडेचार मीटर आणि उंची दीड मीटर धरली तर प्रत्येक मीटरमागे साडेचार घनमीटर, म्हणजे सगळा बांध मिळून ५००० घनमीटरच्या आसपास. एक हेक्टर ४० सेंटिमीटर उचलायला ४००० घनमीटर लागतात. संपूर्ण बांध वापरूनही ५ पैकी सव्वा हेक्टरच होईल, आणि सैल माती खचते ते वेगळंच.

लवणांक
आणि तो बांध वापरायचाच नाही. ४.१ वरून २.३ म्हणजे आम्ल तयार झालेलं आहे आणि आणखी व्हायचं बाकी आहे. पसरलात तर तळ्यातला चांगला ५.८ चा चिखलही बिघडेल. तोंडं पाडताना जी माती निघेल तेवढीच हलवा, आणि तीही चुनखडीची पूड मिसळून चराच्या अडसरात, कायम पाण्याखाली राहील अशा पातळीवर. चुन्याचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका, प्रयोगशाळेतून एकूण आम्लतेचा आकडा घ्या. काम कोरड्या हंगामात, एकेक तोंड पूर्ण करत. खणून उघडी ठेवलेली माती आठवड्याभरात आम्ल सोडू लागते.

भरतीचं पाणी स्वतःही आम्ल मारतं, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळच्या ईस्ट ट्रिनिटी इथे असंच केलं गेलं: दरवाजांतून भरती टप्प्याटप्प्याने वाढवली आणि पाण्यात चुना सोडला. एकदम सगळं उघडलं तर साठलेलं आम्ल आणि धातू एकाच झटक्यात खाडीत जातात आणि मासे मरतात. तोंडाबाहेरच्या पाण्याचा सामू पहिले काही आठवडे रोज घ्या.

वाहतंपाणी
मग मध्य कसा उचलायचा? गाळाने. खाडी गढूळ असेल तर उघडलेलं खोलगट तळं गाळ धरतं. किती धरतं ते आधी मोजा: ३० सेंटिमीटर बाजूची गुळगुळीत फरशी चिखलात १० सेंटिमीटर खोल, सपाट पुरा, चारही बाजूंना खुणेच्या काठ्या लावा आणि दर दोन महिन्यांनी बारीक सळई खुपसून पाच ठिकाणी खोली घ्या. अशा सहा फरश्या पुरेत. वर्षाला ४ सेंटिमीटर बसत असतील तर कळ काढा, दहा वर्षांत जमीन वर येईल. अर्धा सेंटिमीटरच असेल तर मध्यावर कांदळ उभं करण्याचा हट्ट सोडा. ओहोटीला उघडा पडणारा चिखलपट्टाही जिवंत अधिवास आहे, त्यावर पक्षी, खेकडे, शिंपले जगतात.

गाळ धरायला फांद्यांचे झिरपते बांध घालतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाकमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरले: खांबांच्या दोन रांगा, मध्ये फांद्यांच्या मोळ्या. लाटेचा जोर मोडतो आणि मागे शांत पाण्यात गाळ बसतो. पण मोळ्या दबतात म्हणून दरवर्षी भरणा लागतो, आणि लाकूड खाणारे सागरी किडे खांब पोखरतात. देमाकची जमीन भूजल उपशामुळे खचतेय, तिथे बसलेला गाळही पुरेसा पडत नाही. तुमच्याकडे बांध उभाच असल्यामुळे लाट हा मुख्य प्रश्न नाही, तेव्हा आधी फरश्यांचे आकडे येऊ द्या.

शेंगपेरा
लावणीबद्दल थोडं वेगळं मत. बिया येतायत म्हणून सगळं आपोआप होईल असं नाही. संशोधक थोर्स्टेन बाल्के आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तिवराच्या रोपांवर दाखवलं की रुजायला आधी भरतीविना मोकळे काही दिवस लागतात. मग लाटेने उपटणार नाही इतकं मूळ खोल जावं लागतं, आणि पुढे जमिनीची झीज सोसेल इतकं. सलग दोन-तीन हंगाम ही संधी हुकू शकते. त्यामुळे मधल्या उतारावर, उणे ५ ते शून्यच्या पट्ट्यात, तोंडं पाडल्यानंतर दोन बीजहंगाम वाट बघा. हेक्टरी हजारही रोपं आली नाहीत तर तेवढ्याच भागात लावा.

लावाल तेव्हा ओळीत एकेकटी नकोत. मऊ चिखलात आठ-दहा शेंगांचे पुंजके ३० सेंटिमीटर अंतराने करा, ती एकमेकांना आडोसा देतात. शेंग झाडावर पिकलेली हवी: कांदळात फळाखाली पिवळसर पट्टी दिसते आणि हलक्या हाताने शेंग सुटते. ओढून तोडलेली कच्ची शेंग रुजत नाही. एक तृतीयांशाहून जास्त खोल रोवू नका, जाड टोक खाली. तिवराच्या बिया रोवायच्या नसतात, साल गळाल्यावर ओल्या चिखलावर नुसत्या ठेवायच्या, तेही भांग सुरू होताना.

नोंदींसाठी १० बाय १० मीटरचे चौकोन कायमचे आखा: उत्तरेला चार, मध्यावर चार, समोरच्या वनात चार, आणि जमलं तर जवळच्या न उघडलेल्या तळ्यातही चार. शेवटचे चार महत्त्वाचे. तिथेही रोपं तितकीच वाढली तर तुमच्या तोंडांमुळे फरक पडला असं म्हणता येणार नाही. मोजणी तोंडं पाडण्याआधी एकदा, मग सहा महिन्यांनी, मग दरवर्षी किमान पाच वर्षं. मेलेल्याच्या जागी नवं रोप लावलंत तर ते वेगळ्या रंगाने नोंदवा, नाहीतर दरवर्षी ९० टक्के जगल्याचा आकडा निघतो आणि जमिनीवर काहीच नसतं.

खाजणकाठ
बांधाची माती पसरवायचं रद्द. या कोरड्या हंगामात उंबरा काढतो आणि जुन्या नकाशात दिसलेल्या उपखाडीच्या जागी एक तोंड. फरश्या त्याआधी पुरायच्या की नंतर?

वाहतंपाणी
आधी, किमान महिनाभर. पुरताना हललेला चिखल बसायला तेवढा वेळ लागतो आणि पहिलं वाचन त्यानंतरच धरायचं. तोंडापासून २०, ६० आणि १५० मीटरवर दोन-दोन ठेवा. तोंडाजवळच्या दोन फरश्यांवर गाळाऐवजी झीज दिसू शकते, ती नोंदही ठेवा; रुंदी अपुरी पडतेय का ते तिथेच आधी कळेल.